निजलेला दगड

माझ्या आईला तिच्या भावानं दगड भेट दिला होता, हे मी सासरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, अंगठीतला. अंगठीतला नव्हे. रेल्वेच्या मालधक्क्याच्या कडेला बसवलेला, चार माणसांनी हुश्श करत उचलावा असा, लांबरुंद, हातभर जाडीचा नसला तरी वीतभर जाडीचा नक्की, कांद्याच्या सालीच्या रंगाचा दगड.

मामा रेल्वेत गँगमन होता, छत्तीसगढातल्या रायगढकडच्या एका लहानशा स्टेशनावर. दरवर्षी दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर जायला निघायचा आणि नागपूरची गाडी आमच्याच अंगणावरून जाते म्हटल्यावर दुर्गला उतरून एक मुक्काम भिलाईत, आमच्या क्वार्टरमध्ये करायचा. आमच्यात भाऊबीज नाही. पण बहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हा नियम काही कुठल्या एका सणाच्या मालकीचा नाही. मामा कधी लुगडं आणायचा, कधी तिकडचा तांदूळ. एका वर्षी मात्र हात हलवत आला. आईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि भाकरी जरा जोरात थापल्या.

"मागून येऊन राहिलं," मामा एवढंच म्हणाला.

दिवाळीच्या आगेमागे क्वार्टरसमोर एक ट्रक थांबला. मामाच्या स्टेशनावरचा जुना मालधक्का पाडला होता, कडेचे दगड ढिगानं पडले होते, मामानं साहेबांना विचारून त्यातला एक मागून घेतला होता आणि भिलाईला येणाऱ्या ट्रकवाल्याच्या गळ्यात मारला होता. ट्रकवाल्यानं निरोपही पोचवला, अगदी पाठ करून आल्यासारखा: "साडी फाटते. हा फाटत नाही."

आई आधी चिडली, मग हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली. तोवर बाबांनी शेजाऱ्यांना गोळा करून दगड मागच्या अंगणात, नळाखाली आडवा टाकूनही दिला.

त्या दगडावर आमचं घर चाललं असं म्हटलं तर बाबा रागावतील, पण खरं आहे. आई त्यावर कपडे धुवायची. कपडे झाले की त्याच्यावरच टाचा घासायची. भाजीची पावशी, म्हणजे विळी, बोथट झाली की पाण्याचा हबका मारून तिथंच धार लावायची. ही बातमी मोहल्ल्यात फुटली आणि छत्तीसगढी शेजारणी धान कापायच्या आधी आपले विळे, त्यांचे हसिये, घेऊन यायला लागल्या. त्यांच्या धारेनं दगडाच्या एका कोपऱ्याला खाचा पडल्या, आणि मधोमध, जिथं आई बसायची, तिथं हळूहळू एक खळगा झाला. मला तो लहानपणी बशीएवढा वाटायचा, पुढे ताटाएवढा झाला. दुपारी सगळं आवरलं की आई त्या खळग्यात बसून एकटीच चहा प्यायची. त्या वेळेला तिला हाक मारायची आमची टाप नव्हती.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रिफ्रॅक्टरी मेसन. म्हणजे कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांना आतून विटा बसवायचं आणि बिघडल्या की दुरुस्त करायचं काम. त्या विटांना सिलिका ब्रिक म्हणतात, आणि बाबांचं म्हणणं असं, की त्या विटा आणि मामाचा दगड एकाच घराण्यातले. वाळूचाच कडक दगड दळायचा, साच्यात दाबायचा, भाजायचा, झाली वीट. एकदा का भट्टी पेटली की ती पुढे वर्षानुवर्षं थंड होऊ द्यायची नाही. थंड झाली तर वीट तडकते. म्हणून बाबांचं सगळं आयुष्य तापलेल्या विटांवर वाकण्यात गेलं. भट्टीच्या माथ्यावर जाताना बुटांना लाकडाचे तळवे बांधावे लागत, नाहीतर बूट वितळला असता. त्या सवयीनं बाबा घरातही पायातली चप्पल काढेनात. चुलीपाशी चप्पल, जेवताना चप्पल. फक्त बुद्धवंदनेला काढायचे, तेही आईनं डोळे वटारल्यावर.

"पाय पोळतात का तुमचे घरात?" आई विचारायची.

"सवय आहे बाप्पा," बाबा म्हणायचे. "तुले नाही समजणार."

मी पुढे उतईच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. नवी नवी मास्तरीण म्हणजे घरच्यांनाही शिकवण्याची खाज. एका रविवारी मी आईला त्या दगडाची जन्मकथा सांगितली. हा वालुकाश्म, म्हटलं. आपल्या दुर्गकडची फर्शी चुनखडीची, लिंबू सांडलं की डाग पडतो. याला लिंबाचं काही वाटत नाही, कारण हा वाळूच्या कणांचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्यानं वाळू आणली, एका थरावर दुसरा थर टाकला, वरच्या भारानं खालची वाळू दाबली गेली, कणांमध्ये चिकटा बसला आणि वाळूचा असा कडक दगड झाला. कडेला या बारीक रेघा दिसतात ना, ते थर. याच्यासारख्याच दगडानं देवळं बांधली, जाती घडवली, धक्के बांधले.

आईनं रेघांवरून ओलं बोट फिरवलं. "म्हणजे नदीच म्हण ना," ती म्हणाली. "एवढं लंबं कशाले सांगून राहिली?"

नदी म्हटली की आईला एकच नदी माहीत. तिचं माहेर भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. शाळा पलीकडच्या तीरावर. पाणी ओसरलं की मुलं पात्रातून चालत जायची. मामा पुढे, आई मागे. ओल्या वाळूवर जिथं पाण्यानं बारीक लाटा उमटवलेल्या असतात तिथं वाळू घट्ट असते. जिथं ती गुळगुळीत दिसते तिथं पाय फसतो. मामा मागे न बघता सांगत जायचा, "लाटा उमटल्या तिथं पाय ठेव." हे आई आम्हाला इतक्यांदा सांगायची, की आम्ही भावंडं चिखलातून जाताना एकमेकांना तेच ओरडून चिडवायचो.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. स्मृति नगरमध्ये आमचं स्वतःचं घर उभं राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी मामा गेला होता. त्यामुळे आईनं नव्या घराबद्दल एकच गोष्ट विचारली. खोल्या किती, पाणी कसं, काही नाही.

"दगड येईन ना आपल्यासंग?"

"म्हणजे काय! सगळ्यात आधी तोच," बाबा म्हणाले.

ते खरं बोलत होते. बाबांचा मामावर फार जीव. वर्षातून एकदा दोघं भेटायचे आणि रात्रभर एकमेकांची टर उडवायचे. मामा बाबांना 'भट्टीवाले' म्हणायचा, बाबा मामाला 'रुळावरचे'. नव्या घरात बाबांनी ठरवलं, की त्या दगडाला आता मोरीत टाकायचं नाही. धुणं मशीनमध्ये होणार. दगडाचा मान झाला पाहिजे.

आता आमच्या भिलाईत दगडाचा मान म्हणजे काय? आमच्या गावात जो तो दगड मानाचा, तो उभा. कुठल्याही फाटकाशी, चौकात, हॉलच्या भिंतीत एक दगड उभा केलेला असतो, त्यावर उद्घाटनाचं काहीतरी कोरलेलं असतं. बाबांनी तेच बघत आयुष्य काढलेलं. त्यांनी दारापुढे आईला बसायला ओटा बांधला, ओट्यावर काळं चकचकीत ग्रॅनाइट टाकलं आणि ओट्याच्या दर्शनी बाजूला मामाचा दगड उभा करून बसवायचं ठरवलं. खळग्याचं तोंड बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. त्यावर मामाचं नावही कोरून घेणार होते.

"नाव कशाले?" आई म्हणाली. "तो काय उद्घाटनाले आला होता?"

नाव कोरायचं राहिलं. पण दगड उभा करायला निघाले तेव्हा आई पुन्हा मध्ये पडली. "अवो, तो निजलेला दगड आहे. धक्क्यावर निजून होता, अंगणात निजून होता. त्याले उभं नोका करू."

"दगडाले कायची झोप?" बाबा हसले. "मी हजारो विटा बसवल्या. आडव्या बसवल्या, उभ्या बसवल्या. विटेले पोट नसते अन् पाठ नसते."

विटेला नसतेच. दळून, कालवून, दाबून केलेली ती. तिला कुठूनही धरा. बाबांचं काही चुकीचं नव्हतं. आणि भूगोलाची बाई तिथंच उभी राहून, चांगलं दिसतंय हो बाबा, असं म्हणत होती.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्यानंतर उन्हाळा असा काही तापला की बाबांना भट्टीची आठवण यावी, आणि मग एका सकाळी ओट्याखाली झाडताना आईला एक खपली सापडली. पातळ, पापडाएवढी, एका बाजूनं गुळगुळीत. तिनं ती उचलली, दगडापाशी नेऊन कुठे बसते ते पाहिलं आणि आत नेऊन स्टीलच्या डब्यात ठेवली. पुढच्या आठवड्यात दुसरी. मग हसियांच्या खाचा होत्या तो कोपराच सुटला. आई खपल्या डब्यात जमा करत राहिली. घरात तिखटमिठाच्या डब्यांच्या रांगेत एक डबा दगडाचा.

आई भांडते तेव्हा आमचं घर सुरक्षित असतं. ती गप्प झाली की समजावं, काहीतरी मोडलंय. ओट्यावर बसणं तिनं बंद केलं. ते ग्रॅनाइट तिला मुळातच आवडत नव्हतं. ओलं झालं की पाय सटकतो म्हणायची. आता ती जाळीच्या दाराआड, आतच खुर्ची टाकून चहा प्यायला लागली. दुपारी मी जायची तर ती जाळीतून रस्त्याकडे बघत बसलेली, आणि बाबा दुसऱ्या खोलीत, चपला घालून पेपर वाचतायत असं दाखवत. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांनाही उचलून त्या जुन्या अंगणात नेऊन ठेवावंसं वाटायचं.

बाबांनी उपाय केले नाहीत असं नाही. सिमेंटचा पातळ लेप दिला. लेप आणि त्यामागचा पापुद्रा, दोन्ही हातात हात घालून खाली आले. माझी मुलगी सुट्टीत आली होती, ती म्हणाली, "नानी, छोड़ो ना. यहाँ टाइल्स लगवा लेते हैं, मस्त दिखेगा."

"तुह्या मामानं टाइल दिली तं लाव," आई म्हणाली. त्या महिन्यात मी ऐकलेलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य.

"तुह्या आईले वाटते मी मुद्दाम केलं," बाबा मला एकदा फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "साडी फाटते, हा फाटत नाही म्हणे तो. अन् मी फाडला पाह्य. जिंदगीभर त्या भट्टीत एक वीट फुटू नाही देली मी."

आमच्या मोहल्ल्यातल्या विहारातून दर हिवाळ्यात महानदीकाठच्या सिरपूरला गाडी निघते. दोघंही न चुकता जातात. त्या वर्षी मीही गेले, मुख्यतः दोघांच्या मध्ये बसायला. सिरपूरला जुने विहार आहेत, विटांच्या भिंती, दगडाची जमीन, दगडाचे खांब, दारांच्या दगडी चौकटी. वंदना झाली, डबे उघडले गेले, बायकांनी आईला ओढून सावलीत नेलं. बाबा नेहमीप्रमाणे भिंतीचे सांधे बघत फिरत होते. देवदर्शनाला गेलेला माणूस देव बघतो, आमचे बाबा जॉइंट बघतात.

बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी शोधायला गेले. एका पडक्या खोलीच्या दारापाशी ते उकिडवे बसले होते. दाराच्या बाजूला एक दगड उभा होता, त्याच्या तोंडाचे पापुद्रे सुटून गेलेले, नक्षी होती की नव्हती तेही कळू नये असे. आणि त्याच्याच पायाशी, त्याच रंगाचा, उंबऱ्याचा दगड आडवा. शतकानुशतकं पाय पडून मध्ये झिजलेला, पण पापुद्रा एक सुटलेला नाही. बाबा आडव्या दगडाच्या कडेवरच्या रेघांवरून बोट फिरवत होते. मग उभ्या दगडाच्या. पुन्हा आडव्या.

"याच्या रेघा आडव्या," ते म्हणाले. "वरून भार येते, थर दाबून राहते. त्याच्या रेघा उभ्या. पाणी वरून शिरते अन् एक-एक पान सुटते." मग माझ्याकडे पाहिलं. "आई तुह्यी बरोबर म्हणे. निजलेलाच असते हा."

मी म्हटलं, बाबा, मीही थर-थर म्हणून शिकवतेच की मुलांना. "हो ना," बाबा म्हणाले, "पण परीक्षेत येत नाही ना हे," आणि किती तरी दिवसांनी हसले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि हातानं मांडीवर काहीतरी आडवं, पुन्हा आडवं, ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "ये लवकर. तुह्या बाबानं सब्बल घेतली आहे."

मी पोचले तोवर त्या पहारीनं ग्रॅनाइट निघालं होतं. ओळखीचे दोन मिस्त्री मदतीला होते, पण दगडाला हात लावू देतील तर ते बाबा कसले. दारासमोर पायरीच्या जागी जमीन खोदून वाळूची गादी केली होती. बेत असा, की दगड आडवा करायचा, खराब झालेलं तोंड खाली आणि मागची शाबूत बाजू वर. आईचा खळगा दिसणार नाही, पण दगड तर वाचेल. हे सगळं ते आईला ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्र्यांना सांगत होते. आई जाळीच्या आत उभी होती, हातात तो डबा.

दगड ओट्यापासून सोडवून अलगद आडवा करत असतानाच ते झालं. आधी काहीतरी चिरल्याचा आवाज आला आणि तोंडाचा उरलेला अख्खा थर, खळग्यासकट, चादर ओढावी तसा सुटून मातीत पडला आणि त्याचे तुकडे झाले.

बाबा सब्बल टाकून तिथंच खाली बसले. "गेला," ते म्हणाले. "तुह्या दादाचा दगड घालवला मी." आणि माझे बाबा, धगधगत्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून ज्यांचा डोळा पाणावला नव्हता, ते रडायला लागले. मला काय करावं कळेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तोही नीट ठेवता आला नाही.

जाळीचं दार वाजलं. आई बाहेर आली. तुकड्यांकडे तिनं पाहिलंही नाही. ती दगडापाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

सुटलेल्या थराखाली दगडाचं नवं तोंड निघालं होतं. आणि ते सपाट नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावर लाटा होत्या. बारीक, बोटभर अंतराच्या, जरा वाकड्या, एकीत एक मिसळलेल्या. पाणी नुकतंच ओसरलेल्या वाळूवर असतात तशाच. मला शाळेतलं सगळं माहीत होतं. कुठल्याशा जुन्या पाण्याच्या तळाशी एके दिवशी वाळूवर लाटा उमटल्या, मोडायच्या आत त्यांच्यावर दुसरी वाळू येऊन बसली आणि त्या तशाच दगड झाल्या. पण त्या क्षणी हे सांगायला मी तोंड उघडलं नाही, ही माझ्या आयुष्यातली थोडीशी शहाणपणाची गोष्ट.

आईनं तळहात ठेवला आणि लाटांवरून हळूहळू फिरवला.

"पलटवू नोका," ती म्हणाली. "हेच तोंड वर राहू द्या."

"अवं, पण हे नवं आहे. तुहा बसायचा खड्डा नाही राहिला यात."

"राहू द्या म्हणते ना."

मग तिनं डबा उघडला. जमवलेल्या सगळ्या खपल्या वाळूच्या गादीवर ओतल्या, मातीत पडलेले तुकडेही वेचून त्यावर टाकले, हातानं सारखे केले आणि बाजूला झाली. बाबांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि एकदम मेसन झाले. पाणसळ लावली, मिस्त्र्यांना दोन शिव्या घातल्या, दगड गादीवर निजवला. जोड दिसू नये असा बसला. दुपार कलली होती. आईनं बादली आणून दगड धुतला, तशा लाटा आणखी उठून दिसायला लागल्या.

ती अनवाणी त्यावर उभी राहिली. मी बघत होते, तिच्या पायाची बोटं एकेका लाटेवर चाचपडत होती.

"तुमी पण या," ती बाबांना म्हणाली.

बाबा पुढे झाले.

"चप्पल काढा."

बाबा जरा थांबले. मग त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि चपला काढल्या. त्यांचे तळवे मी इतक्या उन्हात कधी पाहिले नव्हते; पांढरे, मऊ, लहान मुलाचे असावेत तसे. त्यांनी पाय उचलला आणि तो अधांतरी धरून ठेवला. तापलेल्या विटांवर आयुष्य गेलेल्या माणसाला दगडावर उघडा पाय टेकवायचा धीर होत नव्हता.

आईनं त्यांचा हात धरला.

"ठेवा," ती म्हणाली. "लाटा उमटल्या तिथं ठेवा. तिथं फसत नाही."